गोधडीवर

हालोल रस्त्यावर, टाइल्सच्या बंद कारखान्यात
माझं स्वयंपाकघर उभं आहे.
नळाला पाणी नाही. खिडकीबाहेर
कापडावर रंगवलेला आंबा, बारमाही मोहोरलेला.
मी या घरातली मोठी जाऊ.
एकशे बारा भाग झाले, अजून मला नाव नाही.
सगळे 'भाभी' म्हणतात.

नगरगृहाच्या फळ्यावर खडूने लिहीत
कुमारी प्रमिला, पुढे सौभाग्यवती,
पुढे नुसतंच प्रमिला चिटणीस.

पहिल्या दिवशी ध्रुमिल म्हणाला
(दिग्दर्शक, माझ्या धाकट्या शिष्येच्या वयाचा)
'बेन, थोडुं ओछुं.'
मी भुवई उतरवली.
'हजी ओछुं.'
मान सोडली, हनुवटी सोडली, मग नजर.
'हवे कशुं ज ना करो.'

काहीच न करणं
मला कोणी शिकवलं नव्हतं.
अलमेलूबाई सांगत: शेवटच्या रांगेत, दाराशी,
एक माणूस उशिरा येऊन बसतो, ओली छत्री घेऊन.
त्याला तुझं पाणी दिसलं पाहिजे,
नदीचं आणि डोळ्यांतलंही.
बाईंची मराठी तंजावरच्या वळणाची,
आणि ताल चुकला की काठी
पाटावर नाही, माझ्या घोट्यावर वाजे.
सत्तावीस वर्षं मी त्या छत्रीवाल्यासाठी नाचले.
तो कधी आत येऊन भेटला नाही.

आता हा कॅमेरा वीतभर अंतरावर,
लाडावलेल्या मांजरासारखा तोंडाशी तोंड लावून.
दारापर्यंत पोचणारं रडू
याच्यावर ओतलं तर बिचारा भिजून जातो.

डावा गुडघा गेला, म्हणून इथे आले.
दुसरं कारण सांगता येईल, पण ते खोटं.
घुंगरू विकले नाहीत, ते सिनेमात करतात.
गव्हाच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही,
त्यावर वजन म्हणून ठेवलेत.

भाग एकशे तेरा.
फोन येतो: दिराने घर विकलं.
मी ऐकायचं, आणि तव्यावर रोटली फिरवायची.
गॅस पेटत नाही, रोटली सकाळची.
आठ वेळा झालं, आठही वेळा जास्त झालं.
नवव्याला मी विचारलं, फ्रेम कुठपर्यंत?
'कमरेपासून वर.'

म्हणजे खालचं कोणाचंच नाही.
तर पायांनी आपलं आपण सुरू केलं,
तै या तै, विलंबित, टाच जेमतेम उचलून.
अख्खं घर त्यांच्यावर सोपवून
चेहरा रिकामा झाला.

'कट! साउंड!'
इरफानने कानावरचे हेडफोन काढले:
कोई ठोक रहा है.
सुतार शोधला. जनरेटरला कान लावले.
थोडं मीही शोधलं.
शेवटी भिखो, चहा देणारा,
आधी माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे.
बोलला काही नाही.
टेम्पोतून गोधडी आणली, चौघडी केली,
शिलाई मशीनखाली घालतात तशी
माझ्या पावलांखाली सारली.
'हवे करो, बेन.'

दहावा.
गोधडीत पाय रुतत होते,
मलाही ऐकू येत नव्हते.
फोन ठेवला. रोटली उलटली.

ध्रुमिल मॉनिटरवरून उठला नाही बराच वेळ.
मग, 'काय केलंत?'
काही नाही, म्हटलं.

सोमवारी मांडवीत भाजीवाली थांबली,
वजन हातातच. 'तमे पेलां भाभी ने?'
तुम्ही फोनवर एक अक्षर बोलला नाहीत,
मी रात्री जेवले नाही, म्हणाली.
वर कोथिंबिरीची जुडी टाकली.
तिच्या गाडीवरची छत्री एका बाजूला कलली होती,
काडी मोडलेली.
मी पर्समध्ये सुटे शोधत राहिले,
सापडले होते तरी.